टेकचंद हजर

रुखमिणीनं टेबलफॅनला कुंकवाचं बोट लावलं आणि खट्‌कन बटण बंद केलं, तेव्हा टेकचंदच्या हातातला घास तोंडापर्यंत गेलाच नाही. तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. खांडेनवमीचा दिवस. तुमसरात घरोघरी पावशा, कुऱ्हाडी, सायकली धुऊनपुसून देवापुढे मांडलेल्या. यांच्या दीड खोलीत देवापुढे मांडायला होतं काय तर भाजी चिरायची एक पावशी, एक शिवणयंत्र आणि लग्नात आलेला हा पंखा. "आता पंखा काहून बंद केला?" त्यानं विचारलं. "वा! कुंकू लावलं ना त्याले," रुखमिणी म्हणाली, "आज त्याचाबी आराम. बारा महिने फिरून राहिला बिचारा. जेवा तुम्ही, मी वारा घालतो." आणि ती खरंच पदरानं वारा घालायला लागली. पंख्याची पाती हळू होत होत थांबली, खोलीत एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत टेकचंदला सकाळचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. ऑफिसातल्या कम्प्युटर मशीनच्या पोटातला घूं घूं आवाज. तिथली पूजा आटपल्यावर सचिव भैय्याजींनी कान टवकारून विचारलं होतं, "हा आवाज कायचा बे?" आणि त्यानं छातीठोक सांगितलं होतं, "स्टॅबिलायझर आहे भैय्याजी, बंद केल्यावरबी घुमते थोडा वेळ." पण रोज तर तो आवाज ऐकू येत नाही. रोज त्याच्यावर एसीची घरघर असते. आज ऐकू आला, म्हणजे एसी बंद होता. आता त्याला आठवलं, चांगलं डोळ्यांसमोर दिसलं: शिपाई धनीराम हातात कुंकवाचा करंडा घेऊन खिडकीपाशी गेला, एसीला बोट लावलं, मोठ्या भक्तिभावानं नमस्कार केला आणि बटण दाबलं. टेकचंदनं ते पाहिलं होतं. पाहिलं आणि डोक्यात शिरलंच नाही, कारण त्या वेळी त्याचं सगळं डोकं आपलं खोटं सांभाळण्यात गुंतलं होतं.

मशीन चालू आहे. एसी बंद आहे. खोलीला कुलूप आहे, किल्ली भैय्याजींच्या घरी देवापाशी ठेवलेली आहे. आणि बाहेर आश्विनातलं ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. "काय झालं? मीठ कमी आहे काय?" रुखमिणीनं विचारलं. तो ताटावरून उठला. सणाच्या ताटावरून अर्धं जेवून उठू नये हे त्याला कळत होतं, पण पाय केव्हाच चपलांत गेले होते. "येतो," एवढंच म्हणाला. "अवं, वड्या तशाच राहिल्या ना!" ती दारापर्यंत आली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं तोंडावरून ओळखलं असतं, आणि मग तिलाही सांगावं लागलं असतं. आज कोणाकोणाला सांगायचं, देव जाणे.

उन्हातून चालताना त्याला हसू आल्यासारखं झालं, भीतीनं येतं तसं. भीती! गेलं वर्षभर तो दुसरं खात काय होता? अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर धान संघानं हे मशीन आणलं. तालुक्यातलं पहिलं, गिरणीवाले, अडते बायकापोरांना घेऊन काचेतून पाहून गेले. नागपूरच्या मोठ्या ऑफिसशी ते टेलिफोनच्या तारेनं जोडलेलं. कुठल्या गोदामात किती धान, कुठं पोत्यांचा बारदाना संपला, सगळं तारेवरून नागपूरला. आणि मशीनचं काय चाललंय तेही तिकडं दिसत असे, अगदी खोलीत उष्णता किती तेसुद्धा. तिथं एक बोंद्रे साहेब बसत. टेकचंदनं त्यांना कधी पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. त्याला माहीत होती ती फक्त त्यांची अक्षरं, काळ्या पडद्यावर हिरवी, मराठी पण इंग्रजी लिपीतली. तासातासाला ती उमटत: हजर? आणि खोलीतल्या माणसानं आपल्या हातानं उत्तर द्यायचं. तुमसरची वीज म्हणजे पाहुणी. गेली तर मशीन नीट मिटवायला, म्हणजे रीतसर बंद करायला, जवळ माणूस हवाच, म्हणून हा नियम. पहिल्याच आठवड्यात टेकचंद टपरीवर चहाला गेला आणि परत येऊन पाहतो तर पडद्यावर लिहिलेलं: कुठे होतास? बस, दोनच शब्द. पण त्या शब्दांनी त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. मागं वळून त्यानं बंद खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग घाबरून टाइप केलं: लघवीला. नागपूरहून काही आलं नाही. त्या काही न येण्यानं तो रात्री झोपला नाही.

तेव्हापासून ते दोन शब्द त्याच्या मागं लागले. बाजारात भाजी घेताना वाटे, कुठे होतास? रुखमिणीशेजारी आडवा झाला की वाटे, कुठे होतास? संडासात बसला की सुद्धा, घ्या! त्याला समजत होतं की हा वेडेपणा आहे, तारेतून माणूस दिसत नसतो. पण समजणं वेगळं आणि भिणं वेगळं. नोकरी अजून कच्ची होती. वर्ष पुरं झालं की नागपूर ठरवणार, या माणसाला कायम करायचं की घरी पाठवायचं. आणि बोंद्रे साहेबांच्या एका शब्दावर ते ठरणार. घरी म्हणजे आंधळगावला. तिथं भाऊ, भावजया आणि दहा तोंडांना पुरत नसलेली धानाची बांधी; आणि बापाचं नाव. लक्ष्मणराव म्हटलं की गावातली म्हातारी माणसं आजही विचारतात, "कोन, घोंगडीवाला लक्ष्मन काय?"

बाप गावतलावाचं पाणी राखणारा पाटकरी होता. धान पोटरीवर आलं की तलावाच्या मोरीवर, पाणी सोडायच्या तोंडावर, पहारा लागतो, नाहीतर ज्याच्या मनात येईल तो मोरी उघडून पाणी आपल्या बांधीत घेतो. बाप तलावाच्या पाळीवर, बांधावर बसायचा, अंगावर घोंगडी, बाजूला कंदील. त्याला एका वर्षी ताप भरला. हाडं कडकडायला लागली तेव्हा त्यानं काय केलं, दोन काठ्या रोवल्या, वर घोंगडी टाकली, घोंगडीवर पटका बांधला, कंदील लावला आणि घरी येऊन झोपला. लहानग्या टेकचंदला म्हणाला, "मानूस असला काय न् नसला काय, दिसला पाहिजे." पहाटेपर्यंत अर्धा तलाव वाहून गेला. पंचांपुढे बाप बसला होता तो टेकचंदला आजही दिसतो: मान खाली, हातात ती घोंगडी, आणि कोणीतरी हसून म्हणालं, "घोंगडीलेच इचारा ना, ते जागी होती." माणसं खदखदा हसली. पाटकरीपण गेलं, पण टेकचंदच्या जिवाला लागलं ते हसू. शिकून तो गावाबाहेर पडला तो त्या हसण्यापासून पळून. आणि पळून पळून केलं काय? बापाचंच केलं.

झालं असं, की धान खरेदी तोंडावर आलेली. नागपूरहून पडद्यावर फर्मान आलं: हंगामात मशीन एक क्षणही बंद होता कामा नये. आणि इकडे भैय्याजी! भैय्याजी संघाचे सचिव, माणूस सोन्यासारखा, पण खांडेनवमीपुढे कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. "गिरनी बंद, काटा बंद, तुहा कम्प्युटरबी बंद. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोनी हात लावाचा नाही." टेकचंदनं एक शब्द नागपूरला विचारायला हवा होता, साहेब, इथली रीत अशी आहे. किंवा एक शब्द भैय्याजींना सांगायला हवा होता, नागपूरचा हुकूम असा आहे. तिकडे विचारलं तर साहेबांना वाटेल, खेडवळ आहे. इकडे सांगितलं तर भैय्याजींना वाटेल, चार बुकं शिकला आणि देव विसरला. त्याला दोघांचीही भीती वाटली आणि त्यानं दोघांनाही फसवलं. आदल्या दिवशी बसून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. नागपूरहून काहीही आलं, की मशीन आपणच उत्तर देईल: टेकचंद हजर. सगळं ठीक. लगेच नाही हं, जरा थांबून, कधी कमी कधी जास्त, माणसानं खुर्ची ओढून टाइप करावं तसं. त्या थांबण्याचं तर त्याला मनातून कौतुकच वाटलं होतं. सकाळी सगळ्यांदेखत त्यानं फक्त पडदा बंद केला. काळा झालेला पडदा पाहून भैय्याजींनी मशीनला हार घातला, निरांजन ठेवलं, नारळ फोडला, खोलीला कुलूप लावलं.

आता खोलीत निरांजन, उदबत्ती, तापत चाललेलं मशीन. आणि नागपूरनं विचारलं की ते सांगणार, सगळं ठीक.  अडत बाजार सुना होता, गाड्यांना झेंडूच्या माळा. संघाचं ऑफिस भैय्याजींच्या घराच्या वाटेवरच. तो बंद फाटकाशी थांबला आणि आतून टेलिफोनची घंटी ऐकू आली. वाजली, वाजली, बंद झाली. पुन्हा सुरू झाली. सणाच्या दिवशी बंद ऑफिसात कोण फोन करतंय? तो कोण हे त्याला लगेच कळलं आणि तो फाटकाच्या गजांना धरून उभा राहिला. सापडलो. चोरी सापडली. एकदा वाटलं, सरळ घरी जावं, वड्या खाव्यात, झोपावं. जळू दे काय जळायचं ते, वायरिंगनं पेटलं म्हणतील, मी कुठं होतो, मी तर घरी होतो, पूजा तुम्हीच केली. असं वाटलं हे खरं. किती वेळ तो तसा उभा होता कोण जाणे. घंटी थांबत नव्हती. शेवटी ती सहन होईना, म्हणून तो तिथून निघाला. चांगुलपणा वगैरे काही नाही, फक्त सहन होईना.

भैय्याजींच्या ओट्यावर त्यांचे थोरले भाऊ खुशालदादा बसले होते. त्यांना पाहिलं आणि टेकचंदचा उरलासुरला धीर सुटला. खुशालदादांचा उजवा हात मनगटापाशी संपतो. फार वर्षांपूर्वी कोण्या व्यापाऱ्याच्या घाईसाठी खांडेनवमीची पूजा झाल्यावर गिरणी चालू केली, आणि पट्ट्यानं हात ओढून नेला. भैय्याजींची सगळी कडक नवमी त्या तुटक्या मनगटातून आलेली. त्या माणसासमोर उभं राहून सांगायचं होतं, की मीही मशीन चालू ठेवलं.

"अरे ये ये, टेकचंद! दसऱ्याचं सोनं आजच आनलं काय?" भैय्याजी आतून सुपारी कातरत आले.  "किल्ली पाहिजे," टेकचंद म्हणाला.

"कायची?"

"मशीनची. भैय्याजी, मशीन... मशीन चालू आहे."

अडकित्ता थांबला. "चालू आहे म्हंजे? म्या सोता हार घातला ना त्याले."

"पडदा बंद केलता नुसता. मशीन चालूच होतं. नागपूरनं बंद करू नको सांगतलं होतं. अन् एसी बंद आहे. तापून राहिलं असन आतमध्ये. जळून जाईन भैय्याजी."

भैय्याजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "कुंकू लावलेलं मशीन चालू? माह्या समोर उभा राहून खोटं बोलला तू? स्टॅबिलायझर घुमते म्हने! अबे, घरात हा मानूस दिसते ना तुले? याचा हात दिसत नाही?" ते भावाकडे बोट दाखवून ओरडले. आतून त्यांची आई आनंदाबाई आली आणि काही न कळून देवाचं नाव घेऊ लागली. "देवापासची किल्ली मी उद्याशिवाय उचलत नाही. ज्यानं इटंबना केली त्याचं तो पाहीन!" टेकचंद मान खाली घालून उभा होता. त्याला वाटलं, आता कोणीतरी हसेल.

"अंदर कोनी मानूस आहे?" खुशालदादांनी विचारलं. ते फारसे कधी बोलत नसत.

"नाही दादा. पन नागपूरवाल्याले वाटून राहिलं का मी आत आहे. त्याचा फोन सारखा वाजून राहिला."

खुशालदादा उठले. "भैय्या, माहा हात पट्ट्यात गेला तवा बटन बंद कराले एकबी मानूस धावला नाही. समदे हात जोडून देवाचं नाव घेत उभे रायले. मले आयकू येत होतं." मग ते आत गेले आणि डाव्या हातानं देवापुढची किल्ली उचलून बाहेर आले. भैय्याजी चपला शोधायला लागले.

खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी धग आली. झेंडू, उदबत्ती आणि तापलेल्या रोगणाचा वास एकमेकांत मिसळला होता. निरांजन कधीच विझलेलं, हार सुकून काळा पडलेला. पण आग नव्हती. मशीन चालू होतं, त्याचा आवाज मात्र घोगरा झाला होता. भैय्याजींनी खिडक्या उघडल्या. टेकचंदनं एसीचं बटण दाबलं, हार बाजूला केला आणि पडदा लावला. हिरवी अक्षरं वर आली. त्याची बाकी सगळ्याची तयारी होती. नोटीस, जाब, 'कुठे होतास', त्याहून वाईट. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेले.

हजर?

टेकचंद हजर. सगळं ठीक.

खोली तापते आहे. एसी बघ.

टेकचंद हजर. सगळं ठीक.

एसी बंद पडलाय. मशीन मिटव आणि बाहेर बस.

टेकचंद हजर. सगळं ठीक.

टेकचंद, मशीन मरू दे. तू बाहेर नीघ. दार उघड.

टेकचंद हजर. सगळं ठीक.

तुला काय होतंय? भोवळ येते का? दुसरं काहीतरी लिही.

टेकचंद हजर. सगळं ठीक.

फोन कोणी उचलत नाही. तुमसरला कोणी ओळखीचं नाही माझ्या. पोरा, आग लागली आहे का? ऊठ. दाराकडे जा.

टेकचंद हजर. सगळं ठीक.

आणि त्याखाली बोंद्रे साहेबांनी नुसतं नाव लिहिलं होतं. टेकचंद. मग पुन्हा टेकचंद. पुन्हा. आणि दर वेळी जरा थांबून, खुर्ची ओढून बसल्यासारखं, मशीननं त्यांना सांगितलं होतं की सगळं ठीक आहे. वर्षभर ज्याच्या भीतीनं त्याचं पाणी पाणी होत होतं, तो माणूस नागपुरात सणाच्या दुपारी एकटा बसून एका मरणाऱ्या पोराला हाका मारत होता.  "काय लिवलं आहे बे?" भैय्याजी मागून विचारत होते. 

टेकचंद खुर्चीत बसला. बोटं अक्षरांवर ठेवली, आणि मी बरा आहे असं लिहिणार, तोच पडद्यावर नवी ओळ आली. टेकचंद, आहेस? त्याचं बोट अजून खाली गेलं नव्हतं आणि खाली उमटलंही: टेकचंद हजर. सगळं ठीक. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता तो खरोखर हजर होता आणि त्याच्या हजर असण्याला काडीची किंमत उरली नव्हती. मी बरा आहे लिहिलं, तर साहेब म्हणतील, हेही तसलंच. सुखरूप आहे लिहिलं, तरी तेच. घाम डोळ्यांत उतरत होता. आधी त्यानं तो प्रोग्राम मारला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. मग जे लिहिलं की नोकरी जाते, ते लिहिलं. ते एकच असं होतं, जे मशीन कधी बोललं नसतं.

साहेब, मी खोलीत नव्हतो. सकाळपासून नव्हतो. उत्तरं मशीन देत होतं. मी तसं करून ठेवलं होतं.

त्यानं बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतले. भैय्याजी, खुशालदादा, दोघंही पडद्याकडे पाहत होते, त्यांना इंग्रजी लिपी वाचता येत नव्हती तरी.  मग एकेक अक्षर यायला लागलं, चुकत, खोडत, पुन्हा लिहिलेलं.

नव्हतास?

नव्हतो, त्यानं लिहिलं.

त्याखाली पुन्हा अक्षरं उमटली.

बरं झालं रे. नव्हतास ते बरं झालं.

आणि त्याच्या खाली, आता न चुकता: मशीन बंद कर. बाकीचं उद्या बघू.

"काय म्हनते?" भैय्याजींनी विचारलं. "बंद कर म्हनते," टेकचंद म्हणाला. उद्या काय होणार ते त्याला माहीत होतं.  त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि मशीन मिटवायला घेतलं.